दर्याचे ज्ञान आणि दर्यावरील सत्ता

१ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांना मासेमारी करण्यास बंदी असते. ही बंदी १५ ऑगस्टपर्यंत, निदान नारळी पौर्णिमेपर्यंत लांबवावी, अशी मागणी महाराष्ट्रातील अनेक मच्छीमार संस्था गेली काही वर्षे करीत आहेत. या मागणीचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. हातावर पोट असलेला वर्ग सामान्यतः कामाचे दिवस वाढवून मागतो. येथे तोच वर्ग आपल्या कमाईचे पंधरा दिवस सोडून देण्यास तयार आहे. त्याचे म्हणणे साधे आहे. ऑगस्टच्या आरंभी दर्या अजून खवळलेला असतो आणि जाळ्यात जे पापलेट येते ते वाढीला न लागलेले, तळहाताएवढेही नसते. त्याला आणखी काही आठवडे मिळाले तर तेच पापलेट बाजारात चौपट किमतीचे होईल आणि त्यातले काही पुढच्या पिढीसाठी समुद्रातही राहील. पूर्वी राज्यात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जी तारीख आधी येईल तोवर असे. साऱ्या पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक लावण्याच्या केंद्राच्या धोरणात ही तारीख मागे पडली.

तारखेचा हा वाद वरवर किरकोळ दिसतो. परंतु समुद्राविषयीचे निर्णय कोणाच्या ज्ञानावर आणि कोणाच्या सोयीने घ्यावयाचे, हा मूलभूत प्रश्न त्याच्या पोटात आहे. केरळपासून पालघरपर्यंतच्या समुद्राला एक तारीख लावणे कचेरीला सोयीचे असते. माशाला ती सोय ठाऊक नाही. कोळ्याला माशाची सोय ठाऊक असते, पण कचेरीत त्याला खुर्ची नाही.

हे ज्ञान म्हणजे नेमके काय, याची कल्पना किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या कार्यकर्त्याला असतेच असे नाही. कोळ्याचा महिना तिथीने चालतो. अवस-पुनवेच्या सुमारास उधाण येते, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंदावते. डोल हे खुंटाला बांधलेले पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते, म्हणून डोलधारकाचे दिवस उधाणाचे. वाहत्या पाण्यात सोडलेल्या जाळ्यांचे गणित निराळे, त्यात काळोख्या रात्रीला महत्त्व. तळ कोठे चिखलाचा, कोठे खडकाळ, कोणत्या खाडीच्या तोंडाशी कोळंबी केव्हा येते, पाण्याच्या कोणत्या रंगाखाली बांगड्याचा थवा असतो, हे सारे तांडेलाला ठाऊक असते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या वाळूवर रापण ओढली जाते तेव्हा किनाऱ्यावरूनच पाण्याची चाळवण आणि पक्ष्यांची झेप पाहून होडी केव्हा घालायची हे ठरते. मग दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. मासळी बाजारात बसणाऱ्या कोळणीचे ज्ञानही याच तोडीचे आहे. सरंग्याची सरासरी लांबी घटल्याचे शासकीय अहवालात येण्याच्या कित्येक वर्षे आधी तिच्या पाटीत ते दिसलेले असते, कारण पूर्वी जेवढ्या नगांत पाटी भरत असे तेवढ्यात ती भरेनाशी होते.

अर्थात, या ज्ञानाचे देव्हारे माजविण्याचे कारण नाही. पूर्वीचा कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवी, ते माशांच्या पैदाशीसाठी, असे म्हणणे भावुकपणाचे ठरेल. शिडाची होडी त्या लाटांत तगत नसे, हे खरे कारण होते. डोलीच्या शेवटच्या भागाची वीण बारीक असते. जवळा आणि करंदी यांच्याबरोबर मोठ्या माशांची पिल्लेही त्यात सापडतात, हे डोलधारक नाकारीत नाहीत. तात्पर्य, जुन्या काळी समुद्र वाचला तो माणसाच्या संयमापेक्षा साधनांच्या मर्यादेमुळे. परंतु त्या मर्यादेभोवती पिढ्यान्‌पिढ्या रीती तयार झाल्या. कोणाची डोल कोठे, कोणाच्या वाटेत कोणी जायचे नाही, पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी नांगर उचलायचा नाही, हे निसर्गाने घालून दिलेले बंधन समाजाने आपले म्हणून स्वीकारले होते. यंत्राने ते बंधन तोडले. आता ते जाणीवपूर्वक, कायद्याने आणि संघटनेने पुन्हा घालावे लागेल. कोठे घालावे हे सांगण्यास लागणारे ज्ञान मात्र अजून किनाऱ्यावर जिवंत आहे.

ते फार दिवस जिवंत राहील अशी खात्री नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे २ लाख १ हजार टन होती. आदल्या वर्षीच्या २ लाख ९५ हजार टनांच्या मानाने ही घट सुमारे एक तृतीयांशाची. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी हंगामाचे दिवस खाल्ले, हेही खरे. एका वर्षाच्या आकड्यावरून समुद्र रिकामा झाला असे म्हणता येत नाही. परंतु जो समुद्र निरोगी असतो तो एका वादळी वर्षाने इतका ढासळत नाही, आणि एकूण टनांचा आकडा पुढे सावरला तरी त्यात पापलेट किती, घोळ किती आणि खतात किंवा भुकटीत जाणारी चिंधी मासळी किती, हा प्रश्न उरतोच.

कायदे नाहीत म्हणून ही अवस्था आली असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ पासून आहे. सोमवंशी समितीच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघालेल्या अधिसूचनेने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती ठेवली आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरविले. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी एलईडी दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढविले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आणि पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. २०२५ पासून ड्रोनने पाळत ठेवण्याचे काम सुरू झाले. कागदाची उणीव कोठेच नाही. तरीही सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमाराला बंदीच्या रात्री समुद्रात दिव्यांची रांग दिसत आली आहे. ती गस्तीच्या नौकेला दिसत नसेल, तर दोष डोळ्यांचा नव्हे.

पर्ससीन जाळे थव्याला वेढा घालते आणि तळाशी दोर आवळून तो सबंध थवा उचलते. त्याला दिव्यांची जोड मिळाली की मासा शोधण्याची गरजही उरत नाही. मासाच शोधत येतो. एका फेरीत जो बांगडा किंवा तारली एका मालकाच्या खात्यात जाते, ती रापणीच्या आणि छोट्या जाळ्यांच्या वाट्याला आली असती तर किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांत वाटली गेली असती. म्हणजे येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मासा उरणार की नाही हा एक, आणि मासा कोणाचा हा दुसरा. ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारून पहिला प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, पण दुसरा ते टाळतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्र शोधल्याशिवाय कोणत्याही एकाचे उत्तर मिळत नाही, हे जगाच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.

त्या अनुभवातील सर्वांत दारुण प्रकरण कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंडचे आहे. त्या बेटाभोवतीच्या कॉड माशावर जवळजवळ पाच शतके युरोप-अमेरिकेचे पोट भरले. १९६८ साली, मुख्यतः परदेशी ट्रॉलर ताफ्यांनी, या समुद्रातून आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार जाहीर केला, परदेशी जहाजे मागे हटली, आणि त्यांची जागा कॅनडाच्याच कंपन्यांच्या ट्रॉलरांनी घेतली. ध्वज बदलला, जाळे तेच राहिले. १९८० नंतरच्या दशकात किनाऱ्यालगत सापळे आणि छोटी जाळी लावणाऱ्या मच्छीमारांच्या लक्षात आले की कॉड कमी येतो आहे आणि जो येतो तो लहान आहे. त्यांनी तसे सरकारला सांगितले. सरकारच्या शास्त्रज्ञांचे अंदाज मात्र साठा वाढत असल्याचे दाखवीत होते, कारण त्या अंदाजांत ट्रॉलरांना ताशी मिळणाऱ्या मासळीला मोठे स्थान होते. हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी एकत्र आलेले थवे ट्रॉलर ध्वनिलहरींच्या यंत्रांनी हुडकून काढीत असत. साठा आटत असताही त्यांच्या जाळ्यात भरपूर मासा येत होता, कारण उरलेला मासा एके ठिकाणी गोळा होत होता आणि यंत्र नेमके तेथेच पोहोचत होते.

किनाऱ्यावरील मच्छीमार स्वस्थ बसले नाहीत. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाजांची तपासणी करून घेतली. ते अंदाज फुगलेले असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी कोटे पुरेसे खाली आले नाहीत. ते कमी केले तर कंपन्यांचे कारखाने बंद पडतील, ही भीती तेव्हा मोठी वाटत होती. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी संपूर्ण बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसे एका घोषणेने बेकार झाली. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली बंदी बत्तीस वर्षे टिकली. २०२४ च्या जूनमध्ये ती अल्प कोट्यासह उठविण्यात आली, तीही साठा अद्याप पुरता सावरला नसल्याच्या इशाऱ्यांकडे पाठ फिरवून. ज्यांना लहान मासा आधी दिसला होता त्यांच्या शब्दाला प्रशासनाने ‘किस्से’ म्हटले, आणि ज्यांच्या यंत्राला मोठा थवा दिसत होता त्यांच्या आकड्याला ‘विज्ञान’. किनाऱ्याचे ज्ञान आणि विज्ञान यांच्यातला हा झगडा नव्हता. विज्ञानाने कोणाकडून माहिती घ्यावी हे भांडवलाच्या सोयीने ठरले, हे त्या विनाशाचे मर्म आहे.

भारतातही या झगड्याचा इतिहास आहे, आणि त्यातील मोलाचा अध्याय केरळने लिहिला. १९५२ च्या करारानंतर सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीचा पाया घातला. कोळंबीच्या निर्यातीचा मोह वाढला तसे ट्रॉलर वाढले. १९७० नंतरच्या दशकात छोट्या मच्छीमारांचे उत्पन्न घसरू लागले. गोव्यात रापणकारांनी आणि केरळात स्वतंत्र मच्छीमार संघटनांनी याच सुमारास लढे उभारले. गोव्यातील लढ्याचे नेतृत्व माथानी साल्ढाणा यांनी केले. १९७८ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर मच्छीमारांचा मंच आकारास आला; त्याच्या पुढाऱ्यांत फादर थॉमस कोचेरी यांचे नाव पुढे गाजले. पावसाळा हा माशांच्या पैदाशीचा काळ, तेव्हा ट्रॉलिंग बंद ठेवा, ही केरळच्या मच्छीमारांची मागणी होती. एकामागून एक समित्या नेमल्या गेल्या. पुरावा अपुरा आहे, असे सांगण्यात आले. उपोषणे, मोर्चे आणि तुरुंगवास यांच्यानंतर १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली. आज पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवर जी वार्षिक बंदी आहे, तिच्यामागे किनाऱ्यावरच्या माणसांनी रस्त्यावर केलेला आग्रह उभा आहे. शासनाने ते ज्ञान आपखुशीने ऐकले नव्हते; त्याला ते ऐकावे लागले.

परंतु केरळचा दुसरा धडाही लपविता कामा नये. ट्रॉलरशी टक्कर देताना तेथील पारंपरिक मच्छीमारांनी १९८० नंतरच्या दशकात रिंगसीन जाळी उचलली. आरंभी ती गटाच्या मालकीची होती. पुढे जाळी लांबत गेली, इंजिने वाढली, कर्ज वाढले आणि कर्ज फेडण्यासाठी पिल्लांचे थवेही उचलले जाऊ लागले. ज्यांच्या ज्ञानाने ट्रॉलबंदी मिळविली, त्यांच्यातल्याच काहींचे ज्ञान समुद्र ओरबाडण्याच्या कामी आले.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. पर्ससीन नौकेवर मासा हुडकून देणारा माणूस बाहेरून आलेला नसतो. अनेकदा तो त्याच किनाऱ्यावरचा, बापाच्या होडीवर पाणी वाचायला शिकलेला असतो. त्याचे ज्ञान तेच असते, बदलतो तो त्याचा मालक. घेतलेल्या कर्जाचा हप्ता, व्यापाऱ्याने आगाऊ दिलेली उचल आणि बर्फ-डिझेलचा खर्च डोक्यावर असला की थवा सोडून देण्याचे स्वातंत्र्य त्याच्याजवळ उरत नाही. ज्ञान आपोआप संयम शिकवीत नाही. उद्याचा मासा आपल्यालाच मिळेल अशी खात्री ज्याला असते तोच आजचा मासा सोडू शकतो. ती खात्री हक्कातून येते. म्हणून स्थानिक ज्ञानाचा उपयोग हा सर्वेक्षणाचा किंवा चर्चासत्राचा विषय म्हणून संपत नाही. तो मालकीचा आणि सत्तेचा विषय आहे.

या ज्ञानाची साखळी दुसऱ्या बाजूनेही तुटते आहे. कोकणातील मोठ्या नौकांवर आज नेपाळ, उत्तर प्रदेश आणि झारखंडमधून आलेले खलाशी मोठ्या संख्येने राबतात. त्यांच्याविषयी द्वेष पसरविणे हे प्रतिगाम्यांचे काम. समाजवाद्यांनी त्यांना संघटित केले पाहिजे. परंतु मालक किनाऱ्यावर, तांडेल पगारी आणि खलाशी हंगामी, अशी रचना झाली की समुद्राविषयीचे शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे जात नाही. कोळीवाड्यातला शिकलेला मुलगा नोकरी शोधतो, आणि आजोबांनी पाहिलेला समुद्र कसा होता हे सांगणारे कोणी उरत नाही. मग आजचा ओसाड समुद्रच नव्या पिढीला नेहमीचा वाटू लागतो.

येथेच शास्त्रज्ञाची खरी गरज आहे. कोळ्याला आपला किनारा आणि आपले आयुष्य बारकाईने ठाऊक असते. मासा मात्र गुजरातपासून कर्नाटकापर्यंत फिरतो आणि त्याच्या साठ्याचे चढउतार अनेक दशकांचे असतात. एकाकडे खोली, दुसऱ्याकडे विस्तार आहे. दोघांनी एकमेकांची चूक दाखवावी, अशी व्यवस्था हवी. प्रत्यक्षात शासनाचे विज्ञान आजवर मुख्यतः एका दिशेने वाहत आले. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था उपग्रहाच्या साह्याने संभाव्य मासेमारी क्षेत्रे कळविते. त्यामुळे डिझेल वाचते, हे मान्यच आहे. पण कोठे मासा आहे हे सांगणारी यंत्रणा उभारताना कोठे या पंधरवड्यात जाळे टाकू नये हे गावागावांतून विचारून सांगणारी यंत्रणा कोणी उभारली नाही. विश्वास टाकला तर मच्छीमार काय करू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जाळ्यात अडकलेली कासवे, डॉल्फिन आणि देवमुशी जाळे कापून सोडल्यास भरपाई देण्याची योजना राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. भरपाईची मर्यादा पंचवीस हजार रुपये आहे. मच्छीमार छायाचित्र काढतो, नोंद देतो आणि प्राणी सोडतो. या नोंदींतून कोणता दुर्मीळ जीव कोठे आणि केव्हा आढळतो याची माहिती शास्त्राला विनासायास मिळते. हेच पापलेटच्या पिल्लांबाबत का होऊ नये, याला धोरणकर्त्यांकडे उत्तर नाही.

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा समाजवादी चळवळीने आयुष्यभर दिली. ती जशीच्या तशी समुद्राला लावता येत नाही. जमिनीला बांध घालता येतो, थव्याला येत नाही. ‘धरील त्याचा मासा’ असे म्हटले तर सर्वांत मोठे जाळे असलेलाच सर्वांचा धनी होईल. समुद्रावरचा हक्क हा राखणीचा हक्क असला पाहिजे आणि तो व्यक्तीकडे नव्हे, किनाऱ्यावरच्या समूहाकडे असला पाहिजे. ही कल्पना हवेतली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीनसुधारणांबरोबर मासेमारीतही सुधारणा झाली. १९४९ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या समुद्रातील मासेमारीचे हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे देण्यात आले. हंगाम, साधने आणि जागा यांचे नियम त्या संस्था ठरवू लागल्या. २०१८ च्या दुरुस्तीने तेथेही मत्स्यशेतीत खासगी कंपन्यांना वाट करून देण्यात आली, यावरून अशा हक्कावर भांडवलाचा डोळा कसा असतो हे दिसतेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मच्छीमारांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही किनाऱ्यावरच्या समाजाचे हक्क आणि त्यांचे पारंपरिक ज्ञान यांना स्थान आहे.

महाराष्ट्रात याच्या उलट घडते आहे, याचा ढळढळीत पुरावा डहाणूजवळच्या वाढवणचा. पालघरचा किनारा हे पापलेट, घोळ, दाढा यांचे माहेर, असे तेथील मच्छीमार सांगत आले. खडकाळ उथळ पाण्यात पिल्ले वाढतात, हे त्यांचे रोजचे निरीक्षण आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तेथे बंदर नको, असा निर्णय दिला. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी ना-हरकत दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली. चौदाशे हेक्टरांहून अधिक समुद्र भरून काढण्याची ही योजना आहे. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या माणसांचे म्हणणे जनसुनावणीतील हरकतीपुरते उरले. एकीकडे पापलेटला राज्यमासा म्हणून गौरवायचे आणि दुसरीकडे त्याचे पाळणाघर बुजवायचे, असा हा विकास आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. कर्ज आणि वीज यांतील सवलती स्वागतार्ह आहेत. पण शेतच बुडवले तर शेतकऱ्याच्या दर्जाचे काय करायचे?

मच्छीमार समाज एकजिनसी आहे असा भ्रमही कार्यकर्त्यांनी बाळगू नये. डोलीचे खुंट रोवण्याच्या जागेला उत्तरेकडे ‘कव’ म्हणतात. वसई-उत्तनकडील डोलधारक आणि पालघर-डहाणूकडील जाळेधारक यांच्यातला कवींचा वाद अनेक वर्षे चिघळत राहिला आहे. दोघेही कष्टकरी, दोघांचेही ज्ञान खरे, आणि तरीही भांडण खरे. अशा वादात अधिकारी तारीख देतो आणि पुढारी मते मोजतो. आपसांत बसून जागा, दिवस आणि आस ठरविण्याचे, म्हणजे जाळ्याच्या विणीचा आकारही स्वतःच ठरविण्याचे, कायद्याने मान्य केलेले व्यासपीठ दोघांनाही उपलब्ध नाही. स्थानिक ज्ञानातील विसंगती मिटविण्याचा मार्ग ते ज्ञान बाजूला सारणे हा नसून त्याला लोकशाही रूप देणे हा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. १९८१ च्या कायद्यात बदल करून किनाऱ्यावरील समित्यांना सल्ल्याऐवजी निर्णयाचा अधिकार द्यावा: बारा सागरी मैलांच्या आत हंगाम, साधने, आस आणि राखीव जागा त्यांनी ठरवाव्यात व शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी करावी. या समित्यांवर नौकामालकांबरोबर खलाशी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांच्या जागा निश्चित असाव्यात, नाहीतर ‘स्थानिक’ या नावाखाली चार धनिकांचीच समिती बसेल. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने उतरलेल्या मासळीची जात, लांबी, जागा आणि तिथी यांची नोंदवही ठेवावी आणि शासनाने ती पुरावा म्हणून स्वीकारावी. बेकायदा नौकेची खबर देणाऱ्या गावाला कारवाईचे उत्तर ठराविक मुदतीत मिळावे. बंदीचे दिवस वाढवायचे तर त्या दिवसांची भाकरी शासनाने दिली पाहिजे. केंद्राच्या बचत-नि-साहाय्य योजनेत तीन महिन्यांच्या रिकाम्या हंगामासाठी मच्छीमाराच्या हाती साडेचार हजार रुपये पडतात, आणि त्यांतले दीड हजार त्याच्याच घामाचे असतात. एवढ्यावर समुद्र राखण्याचे ओझे गरिबाच्या खांद्यावर टाकणे ही क्रूर थट्टा आहे. आणि किनाऱ्यावरील कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला तेथील मच्छीमार संस्थांच्या संमतीवाचून परवानगी मिळता कामा नये.

यांतील नोंदवहीचे काम शासनाच्या आदेशाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरील शाखांनी येत्या हंगामात आपापल्या बंदरावर ते सुरू करावे. पट्टी, वही आणि चार जिद्दी तरुण एवढे भांडवल त्याला पुरते. म्हाताऱ्या तांडेलांना आणि बाजारात चाळीस वर्षे बसलेल्या कोळणींना बोलते करून पूर्वी कोणता मासा कोठे आणि केवढा मिळे हे लिहून घ्यावे. ते लिहिले गेले नाही तर त्यांच्याबरोबर जाईल. न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांनी आपल्या अनुभवाला आकड्यांचे बळ दिले, परंतु ते आकडे सत्तेवर बसविण्याइतकी ताकद त्यांच्याजवळ नव्हती. केरळच्या मच्छीमारांजवळ संघटनेची ताकद होती म्हणून त्यांचे म्हणणे कायदा झाले. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला नोंद आणि संघटना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उभाराव्या लागतील. थव्याला वाट पाहायला सांगता येत नाही.